हॉलिवूड हिल्स, सप्टेंबर २०१७ : तक्रार कुठल्या वहीत लिहायची?

पुण्यात आमचं एसी आणि व्हेंटिलेशनचं काम आहे. ऑफिसं, दोन-तीन हॉस्पिटलं आणि गेल्या काही वर्षांत वृद्धांसाठीच्या निवासी संस्था. कुठेही एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, घेतलं की पहिल्या दिवशी मी मेंटेनन्सची वही मागतो. नळ गळतोय, ट्यूब गेली, सात नंबरचा एसी पाणी टाकतोय, गीझरचा वास येतोय. वही वाचली की इमारत कळते. वृद्धांच्या संस्थेत सिस्टरच्या टेबलावर आणखी एक वही असते. तिच्यात बीपी, साखर, ताप, जेवण किती गेलं, लघवी किती झाली. पहिली वही सुपरवायझरची, दुसरी सिस्टरची. या दोन वह्या एकमेकींना भेटलेल्या मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

नवीन पोरं कामाला लागली की त्यांना मी एक प्रकरण सांगतो. घडलं फ्लोरिडात, पण त्यातलं प्रत्येक यंत्र आपल्या ओळखीचं आहे. आधी एका शब्दाचा घोळ मिटवतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं लहान खाजगी हॉस्पिटल, जिथे बाळंतपणं होतात, अपेंडिक्स काढतात. १९४९ चा आपला नोंदणी कायदाही त्याच अर्थाने हा शब्द वापरतो. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे जिथे म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, विस्मरण झालेली माणसं महिनोन् महिने, वर्षानुवर्षं राहतात ती जागा. डॉक्टर येऊन जातात, नर्स चोवीस तास असते, आणि राहणाऱ्याचं ते घरच असतं.

इमारत

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर मायामी आणि फोर्ट लॉडरडेल यांच्या मधे हॉलिवूड नावाचं शहर आहे. सिनेमावाल्या हॉलिवूडशी त्याचा काही संबंध नाही. तिथे ‘रिहॅबिलिटेशन सेंटर अॅट हॉलिवूड हिल्स’ नावाची १५२ खाटांची संस्था होती. इमारत दुमजली. त्याच इमारतीत एक मानसोपचार रुग्णालयही होतं. गारव्यासाठी मध्यवर्ती चिलर. म्हणजे एका जागी पाणी थंड करायचं आणि त्या थंड पाण्याच्या जिवावर सगळ्या इमारतीची हवा गार ठेवायची. चिलर चालतो तोवर यासारखी सुखाची व्यवस्था नाही. बंद पडला की मात्र सगळी इमारत एकदम बंद पडते. चार खोल्यांचे एसी गेले आणि बाकीचे चालू आहेत असं होत नाही.

आणि रस्ता ओलांडला की समोर मेमोरियल रीजनल हॉस्पिटल. मोठं, सुसज्ज, त्या तीन दिवसांत एसी चालू असलेलं. ही गोष्ट पोरांना मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकताना ते हॉस्पिटल समोर दिसत राहायला हवं.

फ्यूज

१० सप्टेंबर २०१७, रविवार. अर्मा चक्रीवादळ सकाळी फ्लोरिडा कीज बेटांवर धडकलं आणि दुपारी पश्चिम किनाऱ्यावर. राज्यातल्या साठ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. हॉलिवूड हिल्समध्ये तयारी नव्हती असं म्हणता येणार नाही. खाणं, पाणी, जनरेटरचं डिझेल भरून ठेवलं होतं, जास्तीचे पंखे आणि पोर्टेबल कूलिंग युनिट आणून ठेवले होते. वादळात इमारतीचं छप्पर उडालं नाही, पाणी शिरलं नाही. दिवेसुद्धा गेले नाहीत.

गेला तो फक्त चिलरला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज. आपल्याकडे महावितरणचे वायरमन ज्याला डीओ म्हणतात, खांबावरचा तो लांबुळका फ्यूज, जो गेला की खाली लोंबतो आणि लांब काठीने परत वर बसवावा लागतो, त्याच जातीची वस्तू. गावाकडे वाढलेल्या कुणालाही हे दृश्य पाठ असतं. आख्खी आळी खांबाखाली मान वर करून उभी आणि वायरमन काठी हलवतोय.

इथे थांबून मी पोरांना विचारतो, जनरेटर का नाही लावला? बहुतेक जण म्हणतात, बंद असेल. तसं नव्हतं. जनरेटर सुरू व्हायचं कारणच नव्हतं, कारण इमारतीत वीज होती. आणि सुरू केला असता तरी उपयोग झाला नसता, कारण चिलर त्याच्यावर जोडलेला नव्हता. त्या वेळच्या नियमांप्रमाणे आणीबाणीच्या विजेवर दिवे, अलार्म, जीव वाचवणारी उपकरणं चालली म्हणजे पुरे होतं. एसी ही चैनीची बाब धरलेली. आपल्याकडे सोसायटीच्या डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे असतात, अगदी तसंच.

याच्याहून वाईट बिघाड कुठला असेल तर मला सुचत नाही. सगळं अंधारात गेलं असतं तर सगळे घाबरले असते. इथे दिवे चालू, फ्रिज चालू, टीव्ही चालू, लिफ्ट चालू. सुपरवायझरच्या वहीत एकच ओळ : एसी बंद, वीज कंपनीला कळवलं.

धुराड्याचं तोंड

मग पोर्टेबल युनिट लावले. लग्नाच्या हॉलमध्ये, सर्व्हर रूममध्ये भाड्याने आणतो तसले, चाकांवर ढकलायचे. या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त चटका लावणारा तपशील इथे आहे आणि तो निव्वळ आमच्या धंद्यातला आहे.

एसी गारवा तयार करत नाही, उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकतो. एक टनाचं यंत्र खोलीतून साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता उचलतं, त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची भर पडते आणि मागच्या जाड नळीतून चार-साडेचार किलोवॉट बाहेर फेकतं. ती नळी खिडकीबाहेर काढली तर काम झालं. खोलीतच सोडली तर समोरून गार वारा आणि मागून हीटर, एकंदरीत खोली आणखी तापते.

हॉलिवूड हिल्समध्ये त्या नळ्या फॉल्स सीलिंगमध्ये सोडल्या होत्या. पुढे सुनावणीत इंजिनिअरने साक्ष दिली की ही गरम हवा छताच्या पोकळीत साठत गेली आणि वरच्या मजल्याला तापवत राहिली. म्हणजे तळमजल्याच्या पॅसेजमध्ये उभं राहिलं की बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची किंमत वर झोपलेली माणसं मोजत होती.

हे लांबचं वाटू नये म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका वृद्धनिवासात गेलो होतो. वरच्या मजल्यावरचा डक्टेबल एसी बंद होता, पार्ट यायला आठ दिवस होते, म्हणून तिथल्या कुणीतरी हुशारीने दोन पोर्टेबल एसी आणून पॅसेजमध्ये लावले होते. मी वर पाहिलं. सीलिंगची टाइल सरकवलेली, नळी आत खुपसलेली, फटीला ब्राऊन टेप. टेप इतकी नीट लावली होती की करणाऱ्याने मन लावून काम केलं होतं हे कळत होतं. मी स्टुलावर चढून पोकळीत हात घातला आणि काढून घेतला. सिस्टर खालून म्हणाल्या, “दादा, पॅसेज मस्त गार झालाय, पण खोल्यांमध्ये काय होतंय कळत नाही. पाच नंबरच्या आजी सकाळपासून नुसत्या झोपूनच आहेत.” पाच नंबरची खोली त्या टाइलच्या बरोबर पलीकडे होती. भिंत सीलिंगपर्यंतच होती, स्लॅबपर्यंत नव्हती, म्हणजे पोकळीतली गरम हवा थेट आजींच्या डोक्यावर.

आजींना खाली आणलं, पाणी पाजलं, ओल्या फडक्याने पुसलं, डॉक्टर आले. संध्याकाळी आजी सूनबाईंना फोनवर ओरडत होत्या, म्हणजे ठीक होत्या. सिस्टरच्या वहीत त्या दिवशी ‘झोप जास्त’ अशी नोंद होती आणि सुपरवायझरच्या वहीत ‘तात्पुरती व्यवस्था केली’.

बत्तीस अंशांत कुणी मरतं का?

नागपूर-चंद्रपूरकडचा माणूस हे प्रकरण ऐकताना मधेच हसतो. त्या दिवसांत दक्षिण फ्लोरिडात बाहेरचं तापमान तीस-बत्तीस अंशांच्या आसपास होतं. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असतं आणि म्हातारी ओसरीवर निजते, असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ओसरी आहे, वारा आहे, माठ आहे, रात्री अंगणात बाज टाकता येते. आणि म्हातारी स्वतः उठून जागा बदलू शकते.

एसीसाठी बांधलेली इमारत वेगळी असते. खिडक्या असल्या तरी वारा आरपार जावा म्हणून नसतात. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री आत सोडतं, त्यामुळे तिसऱ्या रात्री आतली हवा पहिल्या रात्रीसारखी राहत नाही. पडून असलेला माणूससुद्धा ऐंशीएक वॉट उष्णता सोडतो. दीडशे माणसं म्हणजे न थांबता चालणारा बारा किलोवॉटचा हीटर. त्यात समुद्रकिनाऱ्याची दमट हवा. घाम आला तरी वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही.

आणि यांना घामच कमी येतो. वयाबरोबर घामाच्या ग्रंथी मंदावतात, तहान लागल्याची जाणीव बोथट होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मनाच्या आजारावरच्या गोळ्या, पार्किन्सनवरच्या काही गोळ्या यांनी शरीराची निवण्याची सोय आणखी कमी होते. गादीवर रेक्झिन, त्यावर डायपर. ज्याला विस्मरण झालंय तो ‘उकडतंय’ म्हणत नाही. तो चिडतो, बडबडतो किंवा गप्प होतो. यातलं गप्प होणं सगळ्यात धोक्याचं, कारण रात्रपाळीला ते सोयीचं वाटतं.

इमारतीचाही यात हात असतो याचा एक चांगला दाखला अहमदाबादचा आहे. तिथे मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर एका रुग्णालयाच्या लक्षात आलं की नवजात बाळांचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, गच्चीच्या खाली. तो खाली हलवला आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घसरली. औषध तेच, डॉक्टर तेच. फक्त जागा बदलली.

फोन

रविवार दुपारपासून बुधवार पहाटेपर्यंत साधारण साठ तास. या साठ तासांत हॉलिवूड हिल्समधून फोन कमी झाले नाहीत. वीज कंपनीला पुनःपुन्हा केले. वादळाआधी राज्यपाल रिक स्कॉट यांनी संस्थाचालकांना आपला मोबाइल नंबर दिला होता, काही अडलं तर थेट फोन करा म्हणून. त्या नंबरवरही फोन गेले. त्यातले व्हॉइसमेल पुढे पुसले गेल्याचं उघड झालं आणि त्यावरून मोठी ओरड झाली. राज्याच्या यंत्रणेचं उत्तर असं की, फोन संबंधित खात्यांकडे पोचवले होते, आणि माणसांच्या जिवाला धोका आहे असं संस्थेने एकदाही सांगितलं नव्हतं. तसं असेल तर ९११ ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करा, असं सांगितलं होतं.

दोघांचंही खरं मानलं तर काय दिसतं? संस्था फ्यूज मागत होती. वीज कंपनीच्या याद्यांमध्ये रुग्णालयं सगळ्यात वर होती, ही संस्था त्या वरच्या यादीत नव्हती, त्यामुळे फ्यूजची तक्रार इतर हजारो तक्रारींच्या रांगेत उभी राहिली. प्रत्येक फोनचा विषय एकच होता : एसी कधी सुरू होणार? माझ्या मोबाइलवर मे महिन्यात दिवसाला पंधरा फोन येतात, ते सगळे याच वाक्याने सुरू होतात. समोरच्या आवाजावरून मला कधीच कळत नाही की पलीकडे रिकामी कॉन्फरन्स रूम आहे की नव्वद वर्षांचा माणूस.

‘आमच्याकडे दीडशे माणसं आहेत, आतलं तापमान इतकं आहे, ती आत्ता कुठे हलवू?’ हा फोन त्या साठ तासांत झाला नाही. तो करायला वायरमन लागत नव्हता. पण मेंटेनन्सची तक्रार एकदा नोंदवली की माणसाला आपण काहीतरी केलं असं वाटतं, नंबर मिळालेला असतो, वाट बघणं हे कामासारखं दिसू लागतं. मंगळवारी रात्री वरिष्ठ घरी गेले तेव्हाही त्यांना परिस्थिती आटोक्यात आहे असंच वाटत होतं, असं नंतर न्यायालयात मांडलं गेलं. मला ते खरं वाटतं. त्यामुळे प्रकरण हलकं होत नाही, उलट जड होतं.

पहाटे तीन

बुधवार, १३ सप्टेंबर. पहाटे तीनच्या सुमारास ९११ ला पहिला फोन गेला. एका रहिवाशाचं हृदय बंद पडलं होतं. अग्निशमन दलाची रुग्णवाहिका येऊन गेली. थोड्या वेळाने दुसरा फोन, मग तिसरा. तेच पॅरामेडिक पुन्हा त्याच पत्त्यावर. समोरच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एकाच दारातून एकामागून एक असे रुग्ण येऊ लागले ज्यांच्या तापाचा आकडा तिथल्या अनुभवी नर्सनीही पाहिला नव्हता. १०७, १०८. एकाचा १०९.९ फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ सेल्सिअस. ४० अंशांच्या पुढे गेलं की आपण उष्माघात म्हणतो.

तेव्हा तिथल्या नर्स रस्ता ओलांडून चालत बघायला गेल्या. वहीत नोंद करायला नव्हे, फक्त बघायला. आत पाऊल टाकताच गरम हवा तोंडावर आली. पॅरामेडिकनी आणि हॉस्पिटलच्या लोकांनी प्रत्येक खोली उघडायला सुरुवात केली. सगळे ठीक आहेत, आम्ही पाहिलंय, हे कर्मचाऱ्यांचं सांगणं त्यांनी ऐकून घेतलं नाही. काही खोल्यांमध्ये उशीर झालेला होता. मग हॉस्पिटलमधून स्ट्रेचर, चाकाच्या खुर्च्या, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं धावली आणि सकाळपर्यंत सगळी इमारत रिकामी केली. जी गोष्ट साठ तासांत सुचली नाही ती काही तासांत झाली, त्याच रस्त्यावरून, त्याच अंतरात.

त्या दिवशी आठ जण गेले. पुढच्या काही दिवसांत आणखी. वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांनी शेवटी बारा मृत्यू उष्णतेमुळे, आणि दुसऱ्याच्या कृतीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे झाले असं ठरवलं. त्यांच्या भाषेत ‘होमिसाइड’. वादळात मेले असं म्हणायची सोय त्या शब्दाने बंद केली.

वीज कंपनीची माणसं त्याच सकाळी आली. तोवर उशीर झाला होता.

राज्याच्या चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, जिच्यासाठी मी हे प्रकरण वह्यांचं म्हणतो. काही रहिवाशांच्या केसपेपरवर नंतर भरलेल्या नोंदी सापडल्या. तापमान हॉस्पिटलमध्ये मोजलं त्याच्याशी कुठेच न जुळणारं. एका नोंदीत श्वास शांत चालू असल्याचं लिहिलेलं, आणि ती व्यक्ती तेव्हा गेलेली होती, असा यंत्रणेचा ठपका होता. रात्रपाळीच्या शेवटी सगळ्या रकान्यांत एकदम आकडे भरायची पद्धत अमेरिकेपुरती नाही. सकाळी सहाच्या राऊंडला जाऊन एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात भरलेले बारा तास मी इथेही पाहिलेत.

परवाना आणि खटला

लवकर आवरतो. परवाना आधी स्थगित झाला. संस्था प्रशासकीय न्यायाधीशांपुढे लढली, तिथे हरली, आणि जानेवारी २०१९ मध्ये परवाना कायमचा रद्द झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये संस्थेचा प्रशासक आणि तीन नर्सिंग कर्मचारी यांना अटक झाली. नर्सिंगवाल्यांवरचे आरोप २०२२ मध्ये मागे घेतले गेले. प्रशासकाचा खटला फेब्रुवारी २०२३ मध्ये उभा राहिला आणि सरकारी पक्षाचे साक्षीदार संपताच न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. त्याने वादळाआधी तयारी केली होती, नंतर फोन केले होते. गुन्हेगारी निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं ठरलं.

बारा मृत्यू आणि शिक्षा कुणालाच नाही, हे ऐकून पोरं चिडतात. मलाही सुरुवातीला राग आला होता. आता वाटतं, न्यायालयासमोर जे आलं त्यात एका माणसाला तुरुंगात घालण्याइतकं नसेलही. त्याने फ्यूजसाठी जे करता येईल ते केलं. प्रश्न फ्यूजचा नव्हता, आणि तो प्रश्न कुणाच्या कामाच्या वर्णनात बसत नव्हता. पण रस्त्यापलीकडचं हॉस्पिटल काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

८१ आणि ९६

अमेरिकेच्या केंद्रीय नियमात तापमान आधीपासून होतं : ७१ ते ८१ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ ते २७ सेल्सिअस. ऑक्टोबर १९९० नंतर मान्यता मिळालेल्या संस्थांना ते आकड्यात बांधलेलं, जुन्यांना नुसतं ‘आरामदायक आणि सुरक्षित’. मात्र वीज गेल्यावर ते कसं राखायचं याची नीट सक्ती नव्हती. २०१८ च्या मार्चमध्ये फ्लोरिडाने ती केली. नर्सिंग होमकडे अशी पर्यायी वीज हवी की ९६ तास आतलं तापमान ८१ च्या वर जाणार नाही. संपूर्ण इमारत गार ठेवा असं नाही. रहिवाशामागे निव्वळ ३० चौरस फूट जागा, जिथे सगळ्यांना आणून ठेवता येईल.

मला हा ३० चौरस फुटांचा भाग फार आवडतो. इंजिनिअरने लिहिलेला वाटतो. यात पळवाट नाही आणि अशक्य मागणीही नाही. एक दालन निवडा, त्याचा भार काढा, तेवढा जनरेटरवर घ्या, आणि माणसं तिथे कशी आणायची ते आधी ठरवा. अर्थात नियम आल्यावर खर्चाची ओरड झाली आणि बऱ्याच संस्थांनी मुदतवाढ मागून घेतली, तेही खरं.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम असावा असं कलम आहे. असावा. आत किती अंश असावेत हा प्रश्न अजून कुणाच्या वहीत नाही. आणि आता मुलं न्यू जर्सीत किंवा बेंगळुरूत आहेत म्हणून आई-वडिलांना पुण्या-नाशिकच्या काचेच्या, बंद खिडक्यांच्या, छान दिसणाऱ्या इमारतींमध्ये ठेवणारे वाढले आहेत. बघायला येतात तेव्हा बाग बघतात, जेवण चाखतात, बाथरूममधली दांडी हलवून पाहतात. डीजीवर काय काय आहे, हे मला आजवर एकाच मुलीने विचारलं. ती नर्स होती.

वर सांगितलेल्या त्या वृद्धनिवासात आम्ही दोन गोष्टी केल्या. वरच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आणि गच्चीखालच्या दोन खोल्यांमध्ये भिंतीवर साधी थर्मामीटरं लावली, तीन-तीनशे रुपयांची. आणि त्यांचा आकडा मेंटेनन्सच्या वहीत न लिहिता सिस्टरच्या वहीत, बीपीच्या शेजारच्या रकान्यात लिहायचा असं ठरवलं. अठ्ठावीस दिसले की मला फोन करायचा नाही. आधी माणसं खाली जेवणाच्या हॉलमध्ये आणायची, मग फोन. सुपरवायझर थोडे नाराज झाले. “तापमान आमचं खातं आहे ना?” असं म्हणाले. सिस्टरनी रकाना आखून घेतला.

गेल्या मे महिन्यात दुपारी अडीचला सिस्टरचा फोन आला. “दादा, वर एकोणतीस झालंय. नऊ जणांना खाली आणलंय, दोघांच्या खाटा आणतोय. आता तुम्ही या.”

हॉल थोडा लहान पडतो. चाळीस रहिवासी गुणिले तीस म्हणजे बाराशे चौरस फूट, हॉल आहे अकराशेचा, त्यात टेबलं. ती बाजूला सरकवता येतात. अडचण वेगळी आहे. आहे तो २५ केव्हीएचा डीजी लिफ्ट, पंप आणि दिवे यांतच दमतो. हॉलचे एसी त्याच्यावर नाहीत. म्हणजे लाइट गेली की खाली आणलेल्या नऊ जणांची परत तीच गत. मोठ्या डीजीचं कोटेशन मार्चपासून ट्रस्टींकडे आहे. मागच्या मीटिंगला लॉनच्या स्प्रिंकलरचा विषय आधी आला आणि वेळ संपली. पुढची मीटिंग दिवाळीनंतर आहे, म्हणजे थंडीत.